बदकांच्या शिंका, घरघर आणि बसलेला आवाज: औषधाआधी काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वसईच्या वाडीत तुमची अकरा बदकं आहेत, नऊ खाकी कॅम्पबेल आणि दोन मस्कोव्ही. शेजारी सात-आठ गावठी कोंबड्या. पाऊस सुरू झाल्यापासून बदकं शिंकतात, तिघांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस दिसतो. एका मादीच्या डोळ्याखाली फुगवटा आला आहे, आणि तीच मादी दोन दिवसांपासून ओरडायला चोच उघडते पण आवाज फुटत नाही. दुकानातून आणलेली पिवळी पावडर चार दिवस पाण्यात टाकलीत, फरक नाही. आता दुसरी पावडर आणावी का, असं तुम्ही विचारता.

दुसरी पावडर आणू नका. आवाज गेलेली मादी आजच वेगळी करा आणि उद्या सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. बाकीच्या दहांसाठी औषधाआधी तीन गोष्टी बघायच्या आहेत: पाण्याचं भांडं, खुराड्यातली हवा आणि खालचा पेंढा. मी बावीस वर्षं या पट्ट्यात जनावरं आणि पाखरं तपासते. शिंकणारी बदकं घेऊन माझ्याकडे आलेल्यांपैकी पुष्कळांचं दुखणं या तिनांतच सापडलं आहे. पण म्हणून सगळीच दुखणी साधी असतात असं नाही. काही इतकी वाईट असतात की एक दिवस उशीर झाला तर कळप जातो. कोणतं साधं आणि कोणतं वाईट, हे ओळखायला आधी बदक श्वास कसा घेतं ते समजायला हवं.

आपल्या छातीखाली पडदा असतो, तो खालीवर झाला की फुप्फुसं फुगतात. पाखरांना तो पडदा नसतो. त्यांची फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली, जवळजवळ न फुगणारी असतात. भात्याचं काम करतात त्या पोटात-छातीत पसरलेल्या नऊ पातळ हवापिशव्या. छातीचं हाड पुढेमागे हललं की पिशव्या भरतात आणि रिकाम्या होतात. यातून दोन गोष्टी निघतात. एक, बदकाला छातीवर घट्ट आवळून धरलं तर नाक-तोंड मोकळं असूनही ते गुदमरतं. आजारी बदक तर मिनिटाभरात हातात जातं. दोन, आपल्यासारखा जोरदार खोकला त्याला येत नाही. खोल गेलेली घाण तिथेच साचते, आणि हवापिशव्यांना रक्तपुरवठा कमी असल्यामुळे औषधही तिथे नीट पोचत नाही. म्हणून पाखरांच्या छातीचं दुखणं लवकर पकडावं लागतं.

आजारी बदक उचलायचं तर पंख मिटवून काखेत घ्या, पोटाखाली हात द्या, पाय तळहातावर टेकू द्या. आपल्याकडे कोंबडी पाय धरून उलटी लटकवत नेतात. धाप लागलेल्या बदकाला तसं कधीही धरू नका, अन्ननळीतलं पाणी उलटून श्वासनळीत जातं.

आता बघायचं कसं. सकाळी खुराडं उघडण्याआधी दहा मिनिटं लांबून बसा. तुमची चाहूल लागली की आजारी पाखरूसुद्धा ताठ उभं राहतं, दुखणं लपवतं. शांत असताना कोण शेपूट प्रत्येक श्वासाबरोबर खालीवर हलवतंय, कोण मान पुढे ताणतंय, कुणाची चोच उघडी आहे, ते पाहा. श्वास मोजायचे तर आकडा पाठ करत बसू नका. त्याच खुराड्यातल्या तुकतुकीत बदकाचे श्वास मोजा आणि शंका असलेल्याचे मोजा, फरक लगेच कळतो. मग कान लावा. नाकातली शिंक कोरडी आणि तुटक असते. घशातली घरघर ओली असते. आणि काही वेळा आवाज काहीच नसतो, पाखरू नुसतं तोंड वासून हवा ओढतं. हे शेवटचं सगळ्यात वाईट.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण दर वर्षी दोन-तीन माणसं धडधाकट नर घेऊन येतात. नर बदकाचा आवाज घोगराच असतो. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की नराचा चिवचिवाट जातो आणि घसा बसल्यासारखा बारीक, खरखरीत आवाज येतो. त्याची श्वासनळी जिथे दुभंगते तिथे हाडाचा पोकळ फुगा असतो, म्हणून तसं होतं. 'क्वॅक क्वॅक' असा मोठा कलकलाट फक्त माद्या करतात. मस्कोव्ही तर नर-मादी दोन्ही जवळजवळ मुकेच, नर फुसफुसतो. तो आजार नाही. उलट, काल कलकलाट करणाऱ्या मादीचा आवाज आज बसला असेल तर ती खूण गंभीर. आवाजाची पेटी श्वासनळीच्या तळाशी असते, तिथे काहीतरी अडकलंय किंवा वाढलंय असा त्याचा अर्थ. म्हणूनच तुमच्या त्या मादीसाठी मी घाई करायला सांगितली.

तसंच मे महिन्याच्या दुपारी चोच उघडी ठेवून धापा टाकणारं बदक सावलीत आणि पाण्यात गेल्यावर अर्ध्या तासात शांत होत असेल तर ते उष्म्याने. पावसाळ्यातल्या गार सकाळी तीच धाप दिसली तर ते दुखणं.

पहिली गोष्ट पाणी. तुम्ही लिहिलंय की बदकं कोंबड्यांच्याच भांड्यातून पाणी पितात, ते लाल ताटलीचं उलटं भांडं. त्यात बदकाची चोच जेमतेम भिजते. बदकाला पिण्यासाठी जितकं पाणी लागतं तितकंच नाक आणि डोळे धुण्यासाठी लागतं. ते दिवसातून कितीतरी वेळा अख्खं डोकं बुडवतं, नाकपुड्यांतून पाणी फुंकतं, डोळे झटकतं. कोरडा भरडा खाल्ल्यावर त्याचा लगदा नाकपुड्यांत बसतो, तो असाच निघतो. डोकं बुडवायला पाणी नसलं की लगदा सुकतो, डोळ्यांत फेस धरतो, पापण्या चिकटतात, मग डोळ्याखालच्या पोकळीत सूज येते. आगाशीकडच्या एका घरात सहा बदकांचे डोळे असे चिकटले होते. घरच्यांनी दोन प्रकारची औषधं देऊन झाली होती. मी फक्त पसरट घमेलं ठेवायला लावलं, पाच-सहा इंच खोल, दिवसातून तीनदा बदलायचं. आठवड्यात पाच बदकं स्वच्छ झाली. सहाव्याला औषध लागलं.

पोहायला तळं हवंच असं नाही, पण डोकं बुडेल इतकं स्वच्छ पाणी हवंच. तुमच्या वाडीत बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं, आहे म्हणता, तर ते चांगलंच, मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. पावसाच्या पहिल्या लोंढ्यात सगळ्या आळीची घाण बावखलात उतरते. पाणी साचून हिरवं झालं असेल किंवा मासे मरून तरंगत असतील तर बदकं तिकडे अजिबात सोडू नका. सडलेल्या मासळीत आणि तिच्यावरच्या अळ्यांत बॉट्युलिझमचं विष तयार होतं. त्यात आधी पाय लुळे पडतात, मग पंख, मग मान. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. बघणाऱ्याला वाटतं धाप लागली, पण छातीत काहीच नसतं. मान उचलता येत नाही ही त्याची खूण. अशा बदकाला पाण्यापासून लांब ठेवा, नाहीतर चार इंच पाण्यातही ते बुडून मरतं.

बावखलात वावरणाऱ्या बदकाच्या नाकात जळवाही शिरतात. एकच नाकपुडी वाहतेय, रक्ताचा अंश आहे, बदक सारखं डोकं झटकतंय आणि पायाने चोच खाजवतंय, असं दिसलं तर उजेडात नाकपुडी आणि टाळा बघा. दिसली तरी चिमट्याने ओढून तोडू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या.

दुसरी गोष्ट हवा. पाऊस लागला की आपण मायेपोटी खुराड्याला चहूबाजूंनी निळं प्लास्टिक गुंडाळतो. तुम्हीही तेच केलंय. बदकाची विष्ठा म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पाणी. बंद खुराड्यात ते पाणी आणि त्यातून सुटणारा अमोनिया जाणार कुठे? आपण उभे राहून वास घेतो, बदक जमिनीपासून वीतभर उंचीवर रात्रभर श्वास घेतं. पहाटे खुराडं उघडताच खाली उकिडवं बसा, नाक बदकाच्या उंचीवर न्या. डोळे चुरचुरले तर बदकांच्या श्वासनळीची आतली लव केव्हाच जळाली आहे असं समजा. ती लवच घाण बाहेर ढकलते. ती गेली की कोणताही जंतू आत शिरतो, आणि मग आपण जंतूवर औषध देत बसतो.

प्लास्टिक खालून दोन-अडीच फुटांपर्यंत राहू द्या, म्हणजे झोडपणारा पाऊस आणि अंगावरचं वारं अडेल. वर, छपराच्या खाली, चारही बाजूंनी वीतभर मोकळं ठेवा. बदकाला थंडीची भीती कमी असते, ओल्या पेंढ्याच्या गादीवर कोंडून बसण्याची जास्त. रात्री एका बदकाला निदान तीन-साडेतीन चौरस फूट जागा मिळू द्या, पाण्याचं भांडं खुराड्याबाहेर किंवा जाळीवर ठेवा.

आणि ओल्या गादीवर चुना टाकू नका. गावोगाव हे करतात, हेतू चांगला असतो. पण चुना विष्ठेत मिसळला की अमोनिया उलट जास्त सुटतो. गादी पूर्ण काढून, जमीन खरवडून, पाखरं बाहेर असताना चुना मारला तर उपयोग आहे. ब्लीचिंग पावडर तर विष्ठेवर मुळीच नको, त्यातून निघणारा वायू माणसालाही बाधतो.

तिसरी गोष्ट पेंढा आणि खाद्य, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या कारणाने गेलेली पिल्लं मी पुष्कळ पाहिली आहेत. गेल्या हंगामातला भाताचा पेंढा जूनपर्यंत पडवीत राहतो, ओल धरतो. गंजीच्या आतला पेंढा हातात घेऊन झटकलात आणि राखेसारखी धूळ उडाली तर ती धूळ नाही, बुरशीची बी आहे. अ‍ॅस्परजिलस नावाची ही बुरशी हवापिशव्यांत जाऊन तिथे रुजते, पाव सडतो तशी आत वाढते. लहान पिल्लांत चार-पाच दिवसांत मरतुक सुरू होते. मोठ्या बदकात महिना-दोन महिने ते आतल्या आत चालतं: वजन उतरतं, आवाज बसतो, तोंड वासून श्वास घेतं. घरघर मात्र बहुधा ऐकू येत नाही. ताप येईलच असं नाही, नाक वाहीलच असं नाही.

या दुखण्यात जंतूंवरचं औषध देऊन काही होत नाही, उलट बुरशीला रान मोकळं मिळतं. इट्राकोनॅझोलसारखी बुरशीची औषधं आहेत, पण ती महाग, आठवडेच्या आठवडे द्यायची, आणि बरं होण्याची आशा कमी. तुमच्या मादीचं हेच असेल असं मी न बघता म्हणणार नाही. पण आवाज गेलाय, पावडरीने फरक नाही आणि पावसाळा आहे, म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांना बुरशीचा संशय जरूर बोलून दाखवा. दरम्यान खुराड्यातला सगळा पेंढा काढून लांब पुरा. तोंडाला फडकं बांधून काढा, आणि काढताना पाखरं जवळ नकोत. त्या जागी कोरडं तूस किंवा लाकडाचा जाडा भुसा घाला. रोज ओला भाग उचला, वर मूठ-दोन मुठी कोरडं टाका.

खाद्यालाही हाच न्याय. कुबट वासाचा मका, भेगाळलेली शेंगदाणा पेंड बदकाला कधीही नको. त्यातल्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष बदकाच्या पिल्लाला सगळ्या पाळीव पाखरांत सर्वांत लवकर मारतं. कोंबड्यांनी पचवलेलं खाद्य बदकांना घातक ठरतं ते यामुळे. ते यकृत खातं, आणि यकृत खचलं की अंगातली झुंजायची ताकद जाते. भरडा पाण्याने ओलसर करून द्या, कोरडा दिला तर नाकात बसतो. पण पावसाळ्यात ओला भरडा दोन-तीन तासांत आंबतो, उरलेला उचलून टाका. हिरवं रोज द्या, शेवग्याचा पाला, पालक, अझोला जे मिळेल ते. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की डोळ्यांची आणि नाकाची आतली त्वचा जाड होते आणि डोळ्याखाली पांढरी गुठळी धरते. कोंड्यावर आणि शिळ्या भातावर वाढलेल्या बदकांत हे हमखास दिसतं.

आता जंतू आणि विषाणूंची दुखणी. नावं पुष्कळ आहेत, मी इथे आपल्याकडे घरच्या बदकांत विचारात घ्यावी लागतात तेवढीच सांगते.

डोळ्यांत फेस, शिंका, डोळ्याखाली फुगवटा, पण खाणंपिणं चालू, हे चित्र मायकोप्लाझ्मा या जंतूचं असू शकतं. हा हळू चालणारा आजार आहे. औषधाने बसतो, पण बरं झालेलं बदक जंतू बाळगून राहतं आणि पाऊस, पिसं झडणं, प्रवास असा ताण आला की पुन्हा शिंकू लागतं. फुगवटा मऊ असेल तर आत पातळ स्राव आहे, डॉक्टर सुईने काढून धुऊ शकतात. कडक झाला असेल तर आत घट्ट पनीरासारखा पू आहे. पाखरांचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही, म्हणून दाबून निघत नाही. कृपा करून ब्लेडने घरी फोडू नका, डोळा जातो.

एक ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत डोळे-नाक वाहणं, हिरवट हगवण आणि त्याबरोबर मान थरथरणं, चालताना तोल जाणं, उलटं पडून पाय मारणं दिसलं तर रायमेरेला हा जंतू मनात आणा. आत हृदयावर, यकृतावर, हवापिशव्यांवर साय धरल्यासारखा थर येतो. यात एकेक दिवस मोलाचा असतो.

काल संध्याकाळी जेवलेली धष्टपुष्ट बदकं सकाळी मेलेली, चोचीतून चिकट तार, उरलेली धापा टाकतायत: हा बदकांचा कॉलरा, पाश्चुरेला जंतूचा. बदकांचा प्लेग म्हणजे विषाणूचा आजार. त्यात उजेड सहन होत नाही, पापण्या चिकटतात, पंख खाली लोंबतात, तहान वाढते, पाणचट हिरवी हगवण लागते, मेलेल्या नराचं लिंग बाहेर आलेलं दिसतं. प्लेगवर औषध नाही, लस आहे. आपल्याकडे कॉलऱ्याची लस साधारण तीन-चार आठवड्यांच्या वयात आणि प्लेगची आठ ते बारा आठवड्यांत देतात. अडचण अशी की कुपी मोठी येते, घरगुती कळपाला त्यातलं थोडंच लागतं. म्हणून आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक दिवस ठरवा आणि दवाखान्याला आधी कळवा. प्लेगची लस शीतसाखळीतून, म्हणजे वाटेत सतत थंड ठेवून आणून, विरघळवल्यावर लगेच संपवावी लागते.

कोंबड्यांचं सांगायचं राहिलं. मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, विषाणू बदकाच्या अंगात शिरतो, पण बदक बहुतेक वेळा ठणठणीत दिसतं आणि तुमच्या कोंबड्यांना तो देतं. म्हणून बदकं असलेल्या घरात कोंबड्यांची मानमोडीची लस चुकवू नका, आणि दोघांची भांडी वेगळी ठेवा.

तुमच्या पिवळ्या पावडरीचा गुण का आला नाही, त्याचं एक साधं कारण असू शकतं. पाण्यात टाकायचं कोंबड्यांचं प्रमाण बदकांना लागू पडत नाही. बदक कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं, आणि त्याहून जास्त सांडतं. धडधाकट बदकं चौपट औषध पिऊन जातात, आजारी बदक भांड्याजवळ येतच नाही. म्हणून मी घरगुती कळपात औषध प्रत्येकाला वजनावर द्यायला सांगते. बदक कापडी पिशवीत घाला, स्वयंपाकघरातल्या ताणकाट्याला लटकवा. समजा डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे जंतूंवरचं औषध किलोला २० मिलिग्रॅम लिहून दिलं आणि बदक १.८ किलोचं भरलं, तर मात्रा ३६ मिलिग्रॅम. बाजारातली कॅप्सूल १०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये जवळजवळ तीन मात्रा. हा हिशेब कसा करायचा ते दाखवलं. औषध कोणतं, किती आणि किती दिवस, हे तपासणाऱ्यानेच ठरवायचं.

औषध भिजवलेल्या पोळीच्या गोळीत घालून द्या, दही-भातात नको. दुधातलं आणि शिंपल्यांच्या चुऱ्यातलं कॅल्शियम डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन या दोन्ही औषधांना बांधून टाकतं. औषध चालू असेपर्यंत शिंपल्याचा चुरा काढून ठेवा. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबू नका. घरात कोलिस्टीन या जंतूंवरच्या औषधाचं जुनं पाकीट पडलं असेल तर ते वापरू नका, खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि पाखरांत त्यावर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. उपचार चालू असताना आणि नंतर किमान तीन आठवडे त्या बदकांची अंडी घरात खाऊ नका, विकूही नका. तुम्ही चार दिवस पावडर दिलीच आहे, तर आत्ताची अंडीसुद्धा यात आली.

घरगुती उपायांबद्दल विचारलंत. हळद-मिरीचा काढा, लसणाचं तेल, कोमट खोबरेल चोचीत ओतणं, हे सगळं मायेनेच केलं जातं. पण बदकाच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं आणि धाप लागलेलं पाखरू ते मिटू शकत नाही. ओतलेलं तेल थेट छातीत जातं. मी नोकरीला लागले त्या वर्षी एका म्हातारबाबांनी असा काढा पाजलेली मादी माझ्यासमोर टेबलावर गेली. साध्या सर्दीचं बदक होतं. बाबा रडले, आणि मला त्यांना काय सांगावं कळेना. तेव्हापासून मी प्रत्येकाला हे आधी सांगते. कापूर, निलगिरी, धुरी हेही नको. हवापिशव्यांपर्यंत धूर पोचतो, त्याने आग वाढते. घरी करण्यासारखं खूप आहे: ऊबदार कोरडा कोपरा, एका बाजूला ६० वॅटचा पिवळा बल्ब असा की नको झाल्यास बदकाला दूर सरकता यावं, मेडिकलमधल्या सलाइनने दिवसातून तीनदा डोळे आणि नाकपुड्या पुसणं, आवडीचं ओलं खाणं. डोळ्यांत घरातले उरलेले थेंब घालू नका, त्यांत स्टेरॉइड असलं तर बुबुळाची जखम चिघळते.

आणि आता ज्याची भीती सगळ्यांना वाटते पण विचारायला धजत नाहीत, तो बर्ड फ्लू. महाराष्ट्रात तो २००६ साली नवापूरला आला, देशातला पहिलाच. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात, २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारी शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत. बदकांचा मोठा घास त्याने घेतला तो केरळच्या कुट्टनाडात, २०१४ मध्ये आणि त्यानंतरही. बदकाच्या बाबतीत तो फसवा आहे. काही वेळा बदक नुसतं थोडं शिंकतं किंवा काहीच दाखवत नाही आणि विषाणू पसरवत राहतं. काही वेळा डोळे दुधाळ होतात, मान पिळवटते, गोल गोल फिरतं आणि मरतं. आपल्या मिठागरांवर आणि पाणथळीवर हिवाळ्यात परदेशी पाखरं उतरतात, तेव्हा घरची बदकं तिकडे सोडू नका.

तुमच्या कळपात मरतुक नाही आणि कोंबड्या ठीक आहेत, त्यामुळे मी आज तुम्हाला घाबरवत नाही. पण दोन दिवसांत दोन पाखरं गेली, किंवा कोंबड्या एकदम मरू लागल्या, किंवा मान पिळवटलेलं बदक दिसलं, तर काही कापू नका, कुणाला देऊ नका, बावखलात टाकू नका. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना किंवा १९६२ क्रमांकावर लगेच कळवा. नमुने पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत आणि तिथून पक्क्या निदानासाठी भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत जातात. साथ ठरली तर एक किलोमीटरच्या आतली पाखरं नष्ट करतात, आणि त्याची भरपाई सरकार देतं. लपवलेल्या पाखरांची मिळत नाही.

घरच्या माणसांसाठी एक सूचना. बदकांपासून माणसाला लागणारा सिटॅकोसिस नावाचा आजार आहे. बदकाला नुसते डोळे-नाक वाहणं, माणसाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, पुढे न्यूमोनिया. खुराडं झाडताना तोंड बांधा, आधी पाणी शिंपडा, नंतर साबणाने हात धुवा. घरात कुणाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना 'आमच्याकडे आजारी बदकं आहेत' हे न विसरता सांगा. ते विचारत नाहीत, आणि आपणही सांगत नाही.

उद्या मादीला नेताना भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडं फडकं घालून न्या, पहाटे गारव्यात. सोबत पावडरीचं रिकामं पाकीट, आज काढताना बाजूला ठेवलेला मूठभर जुना पेंढा पिशवीत बांधून, आणि चार दिवसांत किती पावडर किती पाण्यात टाकलीत ते लिहून न्या. स्थानिक दवाखान्यात पाखरांची तपासणी होत नसेल तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून लोकलच्या अंतरावर आहे. ती वाचली नाही तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या. मनाला जड जातं, मला माहीत आहे, पण उरलेल्या दहांना काय द्यायचं हे त्या एका तपासणीतून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही. बर्फात गुंडाळून, न गोठवता, त्याच दिवशी पोचवा.

ती बरी झाली तर शिंका थांबल्यापासून तीन आठवडे वेगळी ठेवा, आणि आधी एकाच बदकाबरोबर सोडून बघा. या हंगामात नवी पिल्लं आणू नका, तुमची कुणाला देऊही नका. घमेलं आणि पेंढ्याचं काम आजच संध्याकाळी करा, आणि आठ दिवसांनी किती जणांच्या डोळ्यांत फेस उरला ते मोजून मला कळवा.